इंजिनाचा श्वास : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

इंजिनाचा आकार आणि गाडीची धाव यांचा नेमका संबंध काय, याविषयी आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. प्रश्न वेगवेगळे दिसले तरी त्यांचा धागा एकच आहे. म्हणून पहिले उत्तर विस्ताराने दिले आहे आणि पुढची बहुतेक उत्तरे त्याच्याच आधाराने लिहिली आहेत.

प्रश्न : माझी गाडी १२०० सीसीची, चार सिलिंडरची आहे. मित्राची गाडी जवळजवळ तेवढ्याच वजनाची, पण तिचे इंजिन १००० सीसीचे, तीन सिलिंडरचे आणि टर्बोचे आहे. ओव्हरटेक करताना त्याची गाडी सहज पुढे निघते आणि माझी मात्र गिअर उतरवल्याशिवाय वेग घेत नाही. सीसी जास्त असूनही असे का व्हावे?

उत्तर : सीसी हा आकडा शक्तीचा नसून जागेचा आहे, हे एकदा लक्षात आले की कोडे बरेचसे सुटते. पिस्टन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकताना सिलिंडरमधली जेवढी जागा व्यापतो, तिला सिलिंडरांच्या संख्येने गुणले की घन सेंटिमीटरमधला, म्हणजेच सीसीमधला आकडा मिळतो. उदाहरणार्थ, सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक, तेवढाच ८६ मिलिमीटर असेल, तर एका सिलिंडरची जागा सुमारे ५०० सीसी होते आणि अशा चार सिलिंडरांचे इंजिन दोन लिटरचे म्हणून ओळखले जाते. इंजिन एका खेपेला किती हवा घेऊ शकेल, एवढेच हा आकडा सांगतो. प्रत्यक्षात किती हवा आत गेली, मिनिटात अशा किती खेपा झाल्या आणि त्या हवेतून किती काम निघाले, या तीन गोष्टींबद्दल तो काहीच सांगत नाही.

मी मुद्दाम हवा म्हणतो आहे, पेट्रोल नव्हे. पेट्रोल हवे तेवढे फवारता येते, खरी अडचण ते जाळायला लागणाऱ्या हवेची असते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. आपलेच इंजिन घ्या. ते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल, तर चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदाच हवा घेत असल्यामुळे मिनिटाला साधारण २,४०० लिटर हवा आत जाते. तिचे वजन तीन किलोच्या आसपास भरते आणि तिच्या जोडीने जेमतेम पाव लिटर पेट्रोल जाळता येते. त्यातून निघणाऱ्या उष्णतेचा फार तर तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सर यांच्या वाटेने निघून जाते. म्हणजे शक्ती वाढवायची असेल तर एकतर हवा जास्त आत न्यायला हवी, नाहीतर आत गेलेल्या हवेतून जास्त काम काढायला हवे.

आपल्या मित्राच्या गाडीत पहिला मार्ग वापरला आहे. आपले इंजिन स्वतःच्या ओढीने, बाहेरच्या हवेच्या दाबावर श्वास घेते. टर्बोमध्ये बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुराच्या झोतावर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये ठासते. लहान गाड्यांतील टर्बोचे चक्र मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेते. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा पसरते, म्हणून तिला आधी इंटरकूलरमधून थंड करून मग आत सोडतात. त्यामुळे हजार सीसीच्या जागेत दीड हजार सीसीची किंवा त्याहूनही अधिक हवा मावते. अशा इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १७० न्यूटन मीटरपर्यंत सहज जातो आणि तो दोन हजार फेऱ्यांच्या आतच हाती येतो. त्याच दोन हजार फेऱ्यांवर आपले इंजिन साधारण १०० न्यूटन मीटर देत असेल. शक्तीच्या भाषेत त्या क्षणी आपल्याकडे सुमारे २८ अश्वशक्ती असते आणि मित्राकडे ४८. गिअर उतरवून आपण फेरे वाढवता तेव्हा ही तूट बरीच भरून निघते. म्हणजे आपली गाडी अशक्त नाही, तिची शक्ती फक्त वरच्या फेऱ्यांत बसलेली आहे.

सारख्याच सीसीत केवढा फरक पडू शकतो, याचे माझे आवडते उदाहरण इतिहासातले आहे. कार्ल बेंझ यांनी १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी मोटारीचे एकच सिलिंडर ९५४ सीसीचे होते. ते मिनिटाला ४०० फेरे घेऊन पाऊण अश्वशक्ती देत असे. फोर्डने २०१२ साली आणलेले तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन ९९९ सीसीचे, म्हणजे जागेने जवळजवळ तेवढेच, पण ते ६,००० फेऱ्यांवर १२५ अश्वशक्ती देते. हिशेब मांडला तर फेरे १५ पट झाले आणि प्रत्येक फेऱ्यातला जोर ११ पट झाला. सव्वाशे वर्षांत जी प्रगती झाली ती जवळजवळ सगळी या दोन आकड्यांत सामावलेली आहे आणि सीसीचा त्यात वाटा नाही म्हटले तरी चालेल.

प्रश्न : शोरूममध्ये पॉवर आणि टॉर्क असे दोन आकडे सांगतात. त्यांतला कोणता पाहावा? लांब स्ट्रोकच्या इंजिनाला टॉर्क जास्त असतो, असेही ऐकले आहे. ते खरे आहे का?

उत्तर : टॉर्क म्हणजे क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टनांच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, बसणारा पीळ आणि पॉवर म्हणजे तो पीळ किती झपाट्याने पुन्हा पुन्हा दिला जातो याचे माप. न्यूटन मीटरमधल्या टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ९,५४९ ने भागले की किलोवॉटमधली पॉवर येते. त्यामुळे हे दोन आकडे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. खरा उपयोगाचा आकडा त्यांच्या शेजारी लहान अक्षरांत छापलेला असतो, तो म्हणजे किती फेऱ्यांवर. होंडाने १९९९ साली बाजारात आणलेल्या एस २००० या गाडीचे १,९९७ सीसीचे इंजिन टर्बोशिवाय २५० अश्वशक्ती देत असे, परंतु त्यासाठी ते ८,३०० फेऱ्यांपर्यंत चढवावे लागे आणि त्याचा सर्वाधिक टॉर्क, २१८ न्यूटन मीटर, ७,५०० फेऱ्यांवर मिळे. आजचे दोन लिटरचे टर्बो डिझेल इंजिन पॉवरमध्ये त्याच्या बरेच मागे असते, पण दोन हजार फेऱ्यांच्या आसपासच साडेतीनशे न्यूटन मीटर टॉर्क देते. पहिले इंजिन मोकळ्या वळणांच्या रस्त्यावर, गिअर बदलण्याची हौस असलेल्या चालकाला आनंद देईल. भरलेली गाडी घेऊन चढावर निघालेल्या माणसाला दुसरेच सोयीचे.

लांब स्ट्रोकबद्दल आपण जे ऐकले आहे ते अर्धे खरे आहे आणि इतके पसरलेले आहे की थोडे थांबून सांगायला हवे. स्ट्रोक लांब म्हणजे क्रँकचा हात लांब, आणि तरफ लांब म्हणून जोर जास्त, अशी ही मांडणी असते. पण सीसी तेच ठेवून स्ट्रोक वाढवला तर सिलिंडरचा व्यास कमी करावाच लागतो, पिस्टनचे तोंड त्याच प्रमाणात लहान होते आणि त्यावर पडणारा एकूण रेटाही तेवढाच घटतो. तरफेने मिळवलेले पिस्टनच्या क्षेत्रफळाने गमावले जाते. मग लांब स्ट्रोकची इंजिने खालच्या फेऱ्यांत जोरदार का वाटतात? कारण अरुंद सिलिंडरमध्ये व्हॉल्व्ह, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या झडपा, लहान बसतात, लांब धावेमुळे पिस्टनचा वेग लवकर हाताबाहेर जाऊ लागतो, आणि म्हणून असे इंजिन बनवणारा त्याची सगळी रचना, व्हॉल्व्हच्या वेळा आणि हवेच्या नळ्यांची लांबी यांसह, खालच्या फेऱ्यांसाठीच जुळवतो. वर सांगितलेल्या होंडाचा स्ट्रोक ८४ मिलिमीटर होता आणि ९,००० फेऱ्यांवर तिच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटर होई. एवढ्या वेगाने सुटलेला पिस्टन प्रत्येक टोकाला क्षणभर पूर्ण थांबून उलटा फिरतो. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर तेव्हा जो ताण येतो, त्यामुळेच लांब स्ट्रोकचे इंजिन तितके फेरे घेऊ शकत नाही.

प्रश्न : जाहिरातींत १६ व्हॉल्व्ह, डबल ओव्हरहेड कॅम, व्हेरिएबल टायमिंग असे शब्द असतात. रोजच्या चालवण्यात त्यांचा फरक कळतो का?

उत्तर : कळतो. इंजिन ६,००० फेरे घेत असते तेव्हा पिस्टनला हवा ओढून घेण्यासाठी सेकंदाचा फक्त दोनशेवा भाग मिळतो. तेवढ्या क्षणात व्हॉल्व्ह उघडायचा, हवेने आत शिरायचे आणि व्हॉल्व्हने पुन्हा गच्च बसायचे. हवेलाही वजन असते, ती आज्ञा मिळताच धावत नाही आणि एकदा धावू लागली की लगेच थांबत नाही. म्हणून पिस्टन खालून वर फिरल्यानंतरही हवा आत घेणारा व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडा ठेवतात, म्हणजे धावत आलेली हवा आपल्या ओघाने आणखी थोडी आत शिरते. फेरे कमी असताना मात्र हाच उशीर नडतो, कारण आत आलेली हवा पिस्टन परत बाहेर ढकलतो. व्हॉल्व्ह ज्या फिरत्या उंचवट्याने उघडतो तो कॅम, आणि ठरावीक वेळेचा कॅम म्हणूनच एकाच प्रकारच्या फेऱ्यांत खूश असतो. व्हेरिएबल टायमिंगमध्ये ही वेळ चालत्या इंजिनात बदलते आणि खालची ओढ व वरची धाव एकाच इंजिनात मिळते.

व्हॉल्व्हच्या संख्येचे महत्त्व मला पुस्तकापेक्षा एका गॅरेजच्या टेबलावर जास्त चांगले समजले. दोन इंजिनांचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरची झाकणे, उलटे करून शेजारी ठेवले होते. जुन्या हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरवर दोनच व्हॉल्व्ह, आकाराने मोठे आणि जड, आणि ठिणगी टाकणारा प्लग एका कडेला ढकललेला होता. नव्यात चार लहान व्हॉल्व्ह फुलाच्या पाकळ्यांसारखे मांडलेले आणि प्लग बरोबर मध्यभागी. जुन्या हेडवर प्लगपासून दूरच्या कोपऱ्यात काजळीचा जाड थर चढला होता. नव्याचा रंग सर्वत्र सारखा, फिकट तपकिरी होता. दोन गोलांपेक्षा चार गोलांनी वर्तुळाची जागा जास्त भरते, म्हणून हवेला वाट मोठी मिळते. प्रत्येक व्हॉल्व्ह हलका असल्याने स्प्रिंग त्याला जास्त फेऱ्यांतही वेळेवर बसवते, आणि मधल्या प्लगची ठिणगी चारही बाजूंना सारखी पोहोचते.

ही रचना नवी मात्र नाही. १९१२ सालच्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये, दिएपजवळ दोन दिवस चाललेल्या सुमारे १,५४० किलोमीटरच्या शर्यतीत, फियाटच्या गाड्या १४.१ लिटरच्या अजस्र इंजिनांनिशी उतरल्या होत्या. जॉर्ज ब्वालो यांच्या प्यूजोचे इंजिन ७.६ लिटरचे, म्हणजे जवळजवळ निम्मे होते, परंतु त्यात दोन ओव्हरहेड कॅम आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते. शर्यत ब्वालो यांनी जिंकली आणि लुई वॅग्नर यांची फियाट दुसरी आली. आकार मोठा की रचना चांगली, या वादात मला आजही याहून बोलके उदाहरण सापडलेले नाही.

प्रश्न : तीन सिलिंडरच्या गाडीत सिग्नलला उभे असताना स्टिअरिंगला थरथर जाणवते. इंजिनात दोष आहे असे समजावे का?

उत्तर : एकसारखी, हलकी थरथर हा दोष नाही. तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँक २४० अंश फिरल्यावर एक स्फोट होतो, चार सिलिंडरमध्ये १८० अंशांवर, सहामध्ये १२० अंशांवर. ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला याचा अर्थ सेकंदाला २० धक्के विरुद्ध जवळजवळ २७ धक्के असा होतो, आणि धक्के जितके विरळ तितके ते वेगळे जाणवतात. शिवाय तीन पिस्टनांचे वरखाली होणे एकमेकांना फेडत असले, तरी पहिला आणि शेवटचा पिस्टन इंजिनाला दोन टोकांनी आळीपाळीने डोलवतात. हे डोलणे काही कंपन्या बॅलन्स शाफ्टने, म्हणजे उलट डोलणाऱ्या जोडदांड्याने, मारतात, काही मऊ माउंटिंगवर भागवतात. सरळ रांगेतले सहा सिलिंडर या बाबतीत जन्मतःच संतुलित असतात, म्हणून त्यांची चाल रेशमी वाटते.

पण थरथर अचानक वाढली, मधूनच गचका बसू लागला किंवा इंजिनाचा दिवा लागला, तर प्लग, कॉइल आणि इंजिन माउंटिंग तपासून घ्या. एक सिलिंडर बंद पडणे म्हणजे तीनपैकी एक जाणे होय, आणि ते चारपैकी एकापेक्षा बरेच जड पडते.

प्रश्न : उंच डोंगरावर गाडीचा पिकअप एकदम कमी झाला. खाली उतरल्यावर ती आपोआप ठीक झाली. असे का?

उत्तर : गाडी ठीकच होती, हवा विरळ होती. समुद्रसपाटीच्या तुलनेत २,००० मीटरवर हवेची घनता सुमारे १८ टक्क्यांनी आणि ३,००० मीटरवर सुमारे २६ टक्क्यांनी कमी असते. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती साधारण त्याच प्रमाणात घटते. टर्बो आपले चक्र जास्त फिरवून ही तूट बरीच भरून काढतो. तेव्हा उंचावर एक गिअर खाली ठेवून फेरे वाढते राहू द्यावेत.

प्रश्न : मोठे इंजिन घेतले की अ‍ॅव्हरेज पडणारच, असे समजावे का?

उत्तर : बहुतेक वेळा पडते, पण त्याचे कारण मोठ्या इंजिनाची भूक हे नसून त्याचे रिकामपण हे असते. बाराशे किलोची एक साधी गाडी सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर वेगाने चालवायला चाकांवर जेमतेम १६ अश्वशक्ती लागते. म्हणजे दीडशे अश्वशक्तीचे इंजिन त्या वेळी आपल्या कुवतीच्या दहाव्या हिश्शावर चाललेले असते. पेट्रोल इंजिनात शक्ती कमी करायची म्हणजे थ्रॉटलची झडप मिटून हवेची वाट अडवायची. मग पिस्टनला प्रत्येक खेपेला अर्धवट बंद वाटेतून श्वास ओढावा लागतो आणि त्या ओढाताणीत इंधन वाया जाते. लहान टर्बो इंजिनाची झडप त्याच वेगाला जास्त उघडी असते, ही त्याच्या बचतीची खरी जागा आहे. डिझेल इंजिनात शक्तीचे नियंत्रण हवेने नव्हे तर डिझेलच्या मात्रेने होते, त्यामुळे हा तोटा त्यात फारच थोडा असतो.

मात्र लहान टर्बो इंजिन सतत दामटले तर बचत नाहीशी होते, कारण दाब वाढला की ते वागण्यात मोठ्या इंजिनासारखेच होते. हवेचा अडथळा मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला की ती आठपट होते. त्यामुळे महामार्गावर सतत भरधाव जाणाऱ्याला मध्यम आकाराचे, टर्बो नसलेले इंजिनही अ‍ॅव्हरेजमध्ये हार जाणार नाही.

आत गेलेल्या हवेतून जास्त काम काढण्याचा जो दुसरा मार्ग पहिल्या उत्तरात आला, तो इथे उपयोगी पडतो. मिश्रण जितके जास्त दाबून पेटवावे तितके काम जास्त निघते, पण फार दाबले की ते ठिणगीआधीच किंवा वेडेवाकडे पेटते आणि इंजिन खडखडू लागते. त्यालाच नॉकिंग म्हणतात. टर्बो पेट्रोल इंजिनांचे कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबायचे ते प्रमाण, म्हणूनच साधारण दहास एकच्या आसपास ठेवावे लागते, तर माझदाने २०११ साली टर्बोशिवायचे पेट्रोल इंजिन चौदास एकपर्यंत नेऊन दाखवले. टोयोटाने १९९७ च्या पहिल्या प्रियसमध्ये आणखी वेगळी वाट धरली. व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा मिटवून थोडी हवा परत जाऊ दिली आणि जळलेल्या वायूला पसरायला दाबण्यापेक्षा जास्त जागा दिली. त्या दीड लिटरच्या इंजिनाने फक्त ५८ अश्वशक्ती दिली. ही उणीव विजेच्या मोटरने भरून काढली, आणि इंधनाच्या थेंबाथेंबाचा उपयोग मात्र वाढला. रचनाकाराने जाणूनबुजून शक्ती सोडून दिल्याचे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

प्रश्न : इंजिन रिबोअर करून मोठे पिस्टन टाकले तर गाडीची शक्ती वाढेल का?

उत्तर : झिजलेल्या सिलिंडरला रिबोअर, म्हणजे आतून कातून रुंद, जरूर करा, पण शक्तीच्या आशेने नको. ७३ मिलिमीटरचा सिलिंडर अर्ध्या मिलिमीटरने वाढवला तर सीसी फक्त १.४ टक्क्यांनी वाढते, म्हणजे ९९८ सीसीचे इंजिन १,०१२ सीसीचे होते, आणि तेही हेड, व्हॉल्व्ह आणि हवेची वाट पूर्वीचीच ठेवून. काम झाल्यावर गाडी जोरात पळते असे अनेक जण सांगतात आणि ते खोटे बोलत नाहीत. झिजलेल्या रिंगांच्या कडेने निसटणारा दाब पुन्हा पिस्टनवर पडू लागलेला असतो, आणि गाडीला तिची मूळची, गमावलेली शक्ती परत मिळालेली असते. काम करवून घेण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी, करून घ्या. सगळ्या सिलिंडरांचे आकडे चांगले आणि एकमेकांच्या जवळ असतील, तर इंजिन उघडायची गरजच नाही. एअर फिल्टर आणि प्लग बदलून पाहा.